फाळणीनंतर शहरं वाढली म्हणतात, पण त्या आकड्यांत निघून गेलेली माणसं कुठे असतात? (कराची, मुंबई आणि आमचा कल्याण कॅम्प)

सुलभा_विठ्ठलवाडी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. प्रश्न लांबणार, आधीच सांगते.

माझं लहानपण उल्हासनगरात (म्हणजे पूर्वीच्या कल्याण कॅम्पात) गेलं, चार नंबर कॅम्पात, विठ्ठलवाडी स्टेशनाच्या बाजूला. बाबा मूळचे संगमेश्वर तालुक्यातले. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात लागले आणि राहायला खोली मिळाली ती कॅम्पात, एका सिंधी बाईंच्या बराकीत. आम्ही सगळी मुलं त्यांना अम्मा म्हणायचो. बराक म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेली लांबच लांब इमारत, मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना छोट्या खोल्या. १९४८ साली अम्मा आल्या तेव्हा त्या हॉलमध्ये आठ कुटुंबं होती आणि दोन संसारांच्या मधे फक्त गोणपाट टांगलेलं असायचं. आम्ही राहायला गेलो तोवर गोणपाटाच्या जागी विटांच्या भिंती झाल्या होत्या, पण छप्पर वरून एकच. पलीकडच्या खोलीत कुणी खोकलं तर आई म्हणायची, "आज काढा द्यायला हवा त्यांना."

अम्मा कराचीच्या. रामबागेजवळ त्यांचं दुमजली घर होतं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, त्यानंतर आठवड्याभरात केमारी बंदरातून आगबोटीने मुंबई, आणि मुंबईहून गाडीने कल्याण. बरोबर दोन मुलं, एक ट्रंक आणि पापड लाटायचं पोळपाट-लाटणं. त्या लाटण्यावरच त्यांनी मुलं मोठी केली. दुपारी बराकीच्या अंगणात खाटांवर पापड वाळत असायचे आणि कावळे हाकलायचं काम आमच्याकडे. त्याची मजुरी म्हणजे ताजी गरम कोकी, सिंधी जाडसर पोळी. माझ्या आईला त्या "धीअ" म्हणायच्या, म्हणजे मुलगी. आईचं माहेर दूर कोकणात. दोन्ही बाळंतपणं अम्मांनीच केली.

आता प्रश्नाकडे येते. माझी भाची पुण्यात नगररचना शिकते. परवा तिने एक तक्ता दाखवला, फाळणीनंतर मोठी शहरं कशी वाढली त्याचा. कराची: १९४१ ला ४,३५,८८७, १९५१ ला ११,३७,६६७. म्हणजे दहा वर्षांत १६१ टक्के वाढ. ती म्हणाली, "मावशी, बघ ना, केवढं वाढलं!" मी ते आकडे बघत राहिले आणि माझ्या मनात आलं, यात आमच्या अम्मा कुठे आहेत? १९४१ च्या आकड्यात त्या आहेत. १९५१ च्या आकड्यात नाहीत. पण मधे काय झालं ते त्या १६१ मध्ये कुठेच दिसत नाही. माणूस निघून गेला तरी शहर "वाढलं"च.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुंबईच्या त्या काळातल्या वाढीत निर्वासित खरोखर किती? हे सगळे लोक शहरातच का आले, गावांकडे का नाही गेले? आणि तिसरं, जे मला सर्वात जास्त छळतं: दंगल थांबली, छावणीची गरज संपली, तरी आमचा कॅम्प रिकामा व्हायच्या ऐवजी भरतच का गेला? १९५१ ला ऐंशी हजारांच्या घरात होता म्हणतात, २०११ ला ५ लाख ६ हजार. आणि जागा जेमतेम तेरा चौरस किलोमीटर.

---

निवृत्त_गणक

सुलभाताई, धागा आवडला. मी जनगणनेच्या कामात नोकरीची बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर बोलू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्यावर माझ्यापेक्षा तिथे राहिलेल्यांनी बोलावं.

तुम्हाला जे खटकलं ते अगदी बरोबर आहे. दोन शिरगणत्यांमधला फरक म्हणजे आले वजा गेले, अधिक जन्म, वजा मृत्यू. तक्त्यात फक्त शेवटची बेरीज राहते. कराचीचंच घ्या. १९४१ ला तिथे शेकडा ५१ हिंदू होते, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास. १९५१ ला शेकडा २ उरले, म्हणजे वीस-बावीस हजार. दोन लाख माणूस उठून गेलं. वाढ दिसते सात लाखांची, पण गेलेल्या दोन लाखांची जागाही भरली गेली, म्हणजे त्या शहरात नवं माणूस नऊ लाख आलं किंवा जन्मलं. १९४१ ला निम्म्याहून अधिक कराचीकरांची भाषा सिंधी होती, १९५१ ला शेकडा नऊसुद्धा नाही. त्याला नुसती "वाढ" म्हणणं मलाही जड जातं. शहराच्या नावाखाली दुसरंच शहर आलं होतं.

दिल्लीचंही तसंच. दिल्ली प्रांत १९४१ ला ९ लाख १८ हजार, १९५१ ला १७ लाख ४४ हजार. तिथून अंदाजे सव्वातीन लाख मुसलमान गेले आणि पाच लाखांच्या आसपास निर्वासित आले. वजाबाकी केलीत तर निर्वासितांची निव्वळ भर पावणेदोन लाखांचीच निघते, आणि वाढ तर सव्वाआठ लाखांची. उरलेली वाढ युद्धकाळातली, राजधानीच्या नोकऱ्यांची आणि घरोघरी जन्मलेल्या मुलांची.

मुंबईच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगायला हवी, ती म्हणजे हद्दीची. मुंबईची हद्द १९५० साली वाढली आणि १९५७ साली पुन्हा वाढली. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत मोजलं तर १९४१ ला १८ लाख आणि १९५१ ला २९ लाख ९४ हजार. जुन्या बेटावरच्या मुंबईचं बघितलं तर १४ लाख ९० हजारांवरून २३ लाख २९ हजार. जालावर कुणी एक आकडा यातला आणि दुसरा त्यातला उचलतं, मग वाढ भलतीच फुगते. तुमच्या भाचीला सांगा, तक्त्याखाली हद्द कुठली ते लिहिलेलं नसेल तर तो तक्ता बाजूला ठेवायचा.

आणि १९४१ च्या शिरगणतीबद्दलही एक. ती ऐन युद्धात झाली, पैसा आणि कागद दोन्ही अपुरे, त्यामुळे बरेचसे तक्ते कधी निघालेच नाहीत. १९४१-५१ या दशकाचा पायाच थोडा हलता आहे.

---

घाटावरचा_माणूस

म्हणजे मुंबई निर्वासितांमुळे भरली नाही असं म्हणायचंय का? आमच्या चाळीतले जुने लोक तर हेच सांगायचे.

---

निवृत्त_गणक

@घाटावरचा_माणूस, निर्वासित आले हे खरंच. पण मुंबई त्यांच्या आधीच भरत होती. युद्धात गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या, गोदीत काम होतं, लष्करी मालाचे कारखाने होते. १९४३ पासून मुंबईत रेशनिंग आलं, खेड्यात धान्य नाही तेव्हा मुंबईत कार्डावर मिळायचं. कोकणातून, सातारा-नगरातून, उत्तरेतून माणूस आला तो फाळणीच्या चार-पाच वर्षं आधी. युद्ध संपल्यावर यातले थोडेच परत गेले. गावी जाऊन करायचं काय?

त्यावर १९४७ नंतर निर्वासित आले. नेमके तेव्हाच भाडेनियंत्रणाचा १९४७ चा कायदा लागू झाला, भाडी १९४० च्या पातळीला गोठली, नवीन चाळ बांधणं मालकाला परवडेना. रिकामी खोली मिळायची ती पागडी मोजून. ज्यांच्याकडे चार दागिने उरले होते त्यांनी ते विकून पागडी भरली. चाळीतल्या म्हाताऱ्यांना दिसलं ते एवढंच की खोलीचा भाव वाढला आणि नवीन आलेला माणूस सिंधी किंवा पंजाबी आहे.

---

पंचगंगाकाठी

तुमच्या बराकीवरून आमच्याकडचं आठवलं. कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. युद्धात पोलंडमधून रशियात नेलेले आणि तिथून सुटलेले लोक फिरत फिरत हिंदुस्थानात पोचले, त्यांच्यासाठी १९४३ साली वळिवड्याला छावणी उभी राहिली. पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. माझी आजी तिथे दूध घालायला जायची, तिला पोलिश भाषेतले आकडे यायचे शेवटपर्यंत. ते लोक १९४८ पर्यंत गेले आणि त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर. अख्ख्या जिल्ह्याचा लग्नाचा बस्ता तिथे बांधला जातो.

म्हणजे निर्वासित कुठे जातील हे बऱ्याच ठिकाणी आधीच्या युद्धाने ठरवून ठेवलं होतं असं मला वाटतं. रिकाम्या छावण्या जिथे, तिथे माणसं पाठवली. देवळाली, पिंपरी, कल्याण, वळिवडे.

आमच्याच भागात १९४८ चं जळीतही झालं, गांधीहत्येनंतरचं. वाडे जळलेली कितीतरी कुटुंबं सांगली-सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांतून पुण्या-मुंबईला गेली ती गेलीच. मागोमाग कूळकायदा आला. ती पुण्याची वाढ कुठल्या रकान्यात बसते, गणककाका?

---

निवृत्त_गणक

बसत नाही कुठेच. शिरगणतीला ते "जिल्ह्याबाहेर जन्मलेले" एवढेच. नोकरीला आलेला आणि घर जळालं म्हणून आलेला, दोघे एकाच रकान्यात. सीमा ओलांडून आलेल्यांसाठी १९५१ ला वेगळी नोंद केली होती, देशातल्या देशात उठून आलेल्यांसाठी नाही.

---

कॅम्प_तीन

ताई, मी तुमच्या अम्मांच्याच लोकांतला. जन्म उल्हासनगरचा, शाळा मराठी माध्यमाची, म्हणून इथे लिहू शकतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात रोज ऐकलेलं आहे. आजोबा म्हणायचे, पंजाब अर्धा तुटला, आमचं सिंध अख्खं तिकडे राहिलं. पंजाबी शेतकरी इकडे आला तर त्याला पूर्व पंजाबात जमीन मिळाली, तिकडे गेलेल्या मुसलमान शेतकऱ्यांची. भाषा तीच, पाणी तेच. आम्हाला "आपला" म्हणावा असा सिंधचा तुकडाच इथे नव्हता. शिवाय सिंधी हिंदू मुळात शहरातला, बाजारातला. दुकान, सावकारी, कारकुनी, शाळामास्तरकी. नांगर धरलेला माणूस आमच्या सात पिढ्यांत सापडणार नाही. त्याला गावात जमीन देऊन तरी काय झालं असतं? तो तिथेच जाणार जिथे गिऱ्हाईक आहे. आणि मुंबई काही परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. आजोबांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे.

मराठी माणसाचा कराचीशीही संबंध होता, हे इथे फार कुणाला ठाऊक नसतं. कराचीतली सर्वात जुनी सरकारी शाळा, १८५५ सालची, आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने चालते. आजोबा त्याच शाळेचे. कॅम्पात कुणी मराठी माणसाला नावं ठेवली तर ते म्हणायचे, "मला पहिलं अक्षर वैद्यांच्या शाळेने शिकवलं."

उलटही झालं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचे प्राध्यापक मुंबईत आले आणि त्यांनी १९४८ साली जयहिंद कॉलेज काढलं. लोकांनी सहकारी सोसायट्या काढल्या, नवजीवनसारख्या, कारण एकट्याला कुणी खोली देत नव्हतं. मुंबई नुसती माणसांनी वाढली नाही, ताई. शाळा-कॉलेजं, बाजार, घर घेण्याच्या पद्धती, सगळं त्या माणसांबरोबर आलं.

एक विनंती. "निर्वासित" शब्द इथे सगळ्यांनी वापरला, राग नाही. पण आजोबांना तो सहन व्हायचा नाही. "शरणार्थी" तर त्याहून नाही. ते म्हणायचे, आम्ही पुरुषार्थी. आणि "मेड इन यूएसए" (म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) म्हणून उल्हासनगरच्या मालाची टिंगल व्हायची, तेव्हा आमची आई गप्प बसायची. तिने रात्री दोन-दोनपर्यंत बसून शर्टांना काजं केलेली आहेत. त्यात हसण्यासारखं मला कधीच काही दिसलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुमच्याच घरात आहे.

---

सुलभा_विठ्ठलवाडी

@कॅम्प_तीन, भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी संगणक बंद करून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते.

आम्हीच. कॅम्प भरला तो आमच्यामुळे. बाबांना अंबरनाथला नोकरी होती, शेजारच्या काकांना शहाडच्या रेयॉन कारखान्यात. कारखान्यांनी नोकऱ्या दिल्या, सगळ्यांना पुरतील एवढी घरं नाही दिली. स्वस्त खोली कुठे, तर कॅम्पात. अम्मांच्या मुलाने हॉलचा आपला वाटा मधून कापून दोन खोल्या केल्या, एक आम्हाला भाड्याने. मग पुढे ओटा वाढवून तिसरी. ती जौनपूरहून आलेल्या एका कुटुंबाला. आमच्या पंचवीस-तीस रुपये भाड्यावर अम्मांच्या घरचं रेशन यायचं, आणि त्यांच्या भिंतीच्या आधाराने आमचा संसार उभा राहिला. छावणी उठली नाही कारण तिथे राहणाऱ्यांनी तिचं गाव केलं, आणि गाव झाल्यावर बाकीच्यांनाही जागा झाली. मी इतकी वर्षं "कॅम्प भरत गेला" असं म्हणत आले, जणू मी खिडकीतून बघत होते.

सरकारने बराकी दिल्या, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारी येऊन उल्हासनगर नाव देऊन गेले. पण नळ होता तेवढाच राहिला. पहाटे चारला आई आणि अम्मा एकाच नळावर रांगेत. बराक ज्याने कापली, ओटा ज्याने वाढवला, त्याच्याकडे कागद नाही. पुढे शेकडो इमारती अनधिकृत ठरल्या, कोर्टाचे आदेश आले, ८५५ इमारतींचा आकडा पेपरात सारखा यायचा. त्या बातम्या वाचताना लोक म्हणायचे, उल्हासनगर म्हणजे असंच. मला दर वेळी वाटायचं, एका सैनिकी छावणीत लाखभर माणसं आणून सोडली, मालकीचे कागद द्यायला वर्षानुवर्षं घेतली, मुलं झाली, नातवंडं झाली, भाडेकरू आले. त्यांनी वर बांधायचं नाही तर कुठे बांधायचं?

अम्मा १९८३ मध्ये गेल्या. कराचीबद्दल फार बोलायच्या नाहीत. एकदाच, पावसाळ्यात, छप्पर गळत होतं तेव्हा म्हणाल्या, "तिथे पाऊसच नव्हता गं, म्हणून गळायचंही नाही."

---

घाटावरचा_माणूस

ताई, माझा वरचा प्रतिसाद घाईत लिहिला होता. आमच्या चाळीतही तळमजल्यावर एक सिंधी कुटुंब होतं. त्यांच्याकडची दाल-पकवान मी रविवारी खाल्लेली आहे आणि तरी वरचं लिहिलं. आज वाईट वाटलं.

---

कॅम्प_तीन

ताई, आता उलटा प्रवाह आहे. आमच्यातले जमेल तसे मुलुंड, ठाणे, पुणे, दुबई. गजानन मार्केटात अजून दुकानं आहेत, पण मालक रात्री ठाण्याला झोपायला जातात. सिंधी शाळांना मुलं मिळत नाहीत. आजोबांची वही माझ्याकडे आहे, अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेली. घरात कुणालाच वाचता येत नाही. पुढची शिरगणती आली की उल्हासनगर पुन्हा "वाढलेलं" दिसेल आणि आम्ही कमी झालेले त्यात दिसणार नाही. कराचीचं जे झालं तेच, फक्त इथे आम्हाला कुणी हाकललेलं नाही, एवढा मोठा फरक. तो फरक मी कधी विसरत नाही.

तुमच्या अम्मांच्या बराकीचा बीके नंबर, म्हणजे बराकीचा क्रमांक, आठवतो का? चार नंबरातल्या बऱ्याच बराकी पाडल्या, पण काही अजून उभ्या आहेत. नंबर कळला तर मी जाऊन बघून येईन.

---

सुलभा_विठ्ठलवाडी

बाबांचं जुनं रेशनकार्ड काढलं माळ्यावरून. पत्ता आहे. बीके नंबर नीट वाचता येतो, खोलीच्या नंबरावर तेलाचा डाग पडलाय, पण खोली मला दाखवायला नंबर लागणार नाही. नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. तुम्ही एकटे जाऊ नका. रविवारी सकाळच्या गाडीने डोंबिवलीहून येते, भाचीलाही घेऊन येते. विठ्ठलवाडीला पुलाखाली थांबा.